परिमाणव्रत आणि मोबाइलचा डेटा

एखादी वस्तू महाग किंवा दुर्मिळ असते, तोपर्यंत ती जपून वापरणारा मनुष्य संयमी आहे की केवळ हिशेबी आहे, हे सांगता येत नाही, कारण दोघांचेही वागणे बाहेरून सारखेच दिसते. ती वस्तू स्वस्त आणि मुबलक झाली, म्हणजे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. हिशेबी मनुष्याला काटकसरीचे कारण उरत नाही, आणि संयमाला जर काही स्वतंत्र कारण असेल, तर ते याच ठिकाणी पारखून घेता येते. मोबाइल डेटा, म्हणजे कंपनीच्या मनोऱ्यावरून फोनमध्ये येणारी व फोनमधून बाहेर जाणारी माहिती, जिचे मोजमाप एमबी आणि जीबी या एककांत केले जाते, ही आजच्या काळातील अशी वस्तू आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये भारतात एका जीबीसाठी सरासरी सुमारे २६९ रुपये पडत असत. पुढील दहा वर्षांच्या आत हा दर दहा रुपयांच्या आसपास उतरला, आणि एका ग्राहकाचा सरासरी मासिक वापर, जो आधी एका जीबीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता, तो वीस जीबीच्या घरात गेला. महागाईच्या त्या काळात डेटा बंद करून ठेवणाऱ्याला कोणी कारण विचारत नसे. आज जो स्वतःच्या वापराला मर्यादा घालू पाहतो, त्याने ती कोणत्या आधारावर घालावी, हा प्रश्न मूलतः धर्मविचाराचा आहे, आणि त्याचा विचार करण्याजोगी सामग्री सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत पुष्कळ आहे.

या जिल्ह्यांचा पूर्व भाग, म्हणजे साताऱ्यातील माण व खटाव आणि सांगलीतील आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे तालुके, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, आणि पाणी जपून वापरण्याची शिस्त तेथील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. त्या शिस्तीमागे एक नैतिक विचारही आहे: एकाने वाचवलेले पाणी दुसऱ्याच्या कामी येते. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा स्मृती धरणाच्या पाणीवाटपात भूमिहीनांनाही हिस्सा धरला गेला, तो याच विचाराच्या बळावर, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली, तिच्या पहिल्या फेरीत दहा डब्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी नेले गेले, तेव्हा कृष्णाकाठचे पाणी मांजराकाठच्या माणसाचेही असू शकते, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा काही महिने चक्क फुकट मिळू लागला. एका वर्षात पाण्याची टंचाई आणि माहितीचा पूर असे दोन्ही अनुभव या भागाच्या वाट्याला आले. पण पाण्याच्या बाबतीतील नीती डेटाला जशीच्या तशी लागू करता येत नाही. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी एकाच मनोऱ्यावर भार पडून सर्वांचाच वेग मंदावतो, एवढ्यापुरती डेटाची वाटणी खरी आहे. परंतु माणमधील एखाद्याने आज वापरला नाही म्हणून तो जतमधील कोणाच्या वाट्याला जात नाही, आणि बंधाऱ्यातील पाण्यासारखा तो उद्यासाठी साठूनही राहत नाही. म्हणून ‘दुसऱ्यासाठी वाचवा’ हे कारण येथे फारसे टिकत नाही, आणि दुसरे कारण शोधावे लागते.

किंबहुना रिचार्जच्या प्रचलित पद्धतीने काटकसरीची जुनी शिकवणच उलटी करून टाकली आहे. दिवसाला एक, दीड किंवा दोन जीबी असा कोटा ग्राहकाला मिळतो, आणि मध्यरात्र झाली की उरलेला कोटा रद्द होऊन नवा सुरू होतो. अन्न वाया जाऊ नये म्हणून पानात कमी वाढून घ्यावे, असे ज्या घरात शिकवले जाते, त्याच घरात डेटा वाया जाऊ नये म्हणून रात्री उशिरापर्यंत जागून तो संपवला जातो. येथे मर्यादा नाही असे नव्हे. मर्यादा आहे, ती दीड जीबीपर्यंत नेमकी मोजलेली आहे, आणि ती संपली की वेग इतका घटतो की चित्र हलेनासे होते. पण ती मर्यादा वापरणाऱ्याने घातलेली नसून विकणाऱ्याने घातलेली आहे, आणि तिचा हेतू गरज ओळखणे हा नसून रोज तेवढे वापरण्याची सवय लावणे हा आहे, असे तिच्या रचनेवरून म्हणावे लागते. बाहेरून आलेली मर्यादा आणि स्वतः स्वीकारलेली मर्यादा यांतील हा भेद भारतीय दर्शनांपैकी जैन दर्शनाने सर्वांत बारकाईने मांडला आहे.

सांगली, मिरज आणि कृष्णा-वारणेच्या काठची गावे यांत शेती व व्यापार करणारा दिगंबर जैन समाज मोठा आहे. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे, म्हणजे आजच्या दक्षिण भारत जैन सभेचे, मुख्य कार्यालय सांगलीत आहे, आणि विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला पुन्हा उभारी देणाऱ्या शांतिसागर महाराजांना १९२४ मध्ये आचार्यपद मिळाले, तेही याच जिल्ह्यातील समडोळी येथे. या परंपरेत श्रावकासाठी, म्हणजे संसारात राहून धर्म पाळणाऱ्या गृहस्थासाठी, बारा व्रते सांगितली आहेत: अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य आणि परिग्रहपरिमाण ही पाच अणुव्रते, त्यांना बळ देणारी तीन गुणव्रते आणि साधुजीवनाचा सराव घडवणारी चार शिक्षाव्रते. प्रस्तुत विषयाशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध येतो, ते भोगोपभोगपरिमाण नावाचे व्रत होय. आचार्य समंतभद्र यांच्या नावे असलेल्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात ते गुणव्रतांत मोजले आहे, तर उमास्वामींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त शिक्षाव्रतांत; वर्गीकरणातला हा फरक येथे बाजूला ठेवता येतो. एकदाच भोगून संपते ते अन्न, फूल, लेप यांसारखे भोग, आणि पुन्हा पुन्हा वापरता येतात ती वस्त्रे, दागिने यांसारखे उपभोग, अशा दोन्ही प्रकारच्या वस्तूंना गृहस्थाने आपणहून परिमाण, म्हणजे मोजकी मर्यादा, घालून घ्यावी, असे हे व्रत सांगते. या दृष्टीने पाहता फोन हा उपभोग ठरतो आणि डेटा हा भोग. फोन वर्षानुवर्षे टिकतो, डेटा वापरताक्षणी संपतो.

समंतभद्रांनी या व्रताचे दोन प्रकार केले आहेत. जन्मभरासाठी जो त्याग केला जातो तो यम, आणि ठरावीक काळासाठी जो केला जातो तो नियम. नियमाच्या काळाची मापेही त्यांनी दिली आहेत: आजचा दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, दोन महिन्यांचा ऋतू आणि सहा महिन्यांचे अयन. आजच्या रिचार्जची मुदत २८, ५६ किंवा ८४ दिवसांची असते, आणि तेवढ्या दिवसांत किती वापरायचे, याचा करार कंपनीशी होतो. श्रावकाचा नियमही मुदतीचाच असतो, पण त्यात किती वापरायचे नाही, याचा करार तो स्वतःशी आणि आपल्या धर्माशी करतो. काळाचे हे छोटे माप फार शहाणपणाचे आहे. जन्मभरासाठी फोन सोडण्याची प्रतिज्ञा कोणी केली, तर ती बहुधा मोडेल आणि मोडल्यानंतर मनुष्य पूर्वीपेक्षा अधिक सैल होईल. पंधरा दिवस रोज अर्धा जीबी, एवढाच नियम घेतला, तर तो पाळताही येतो आणि संपल्यावर पुढचा नियम कसा घ्यावा, हे अनुभवाने कळते. चातुर्मासात एखादी भाजी सोडण्याचा किंवा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम ज्या घरांत आजही पाळला जातो, त्या घरांना ही पद्धत नव्याने शिकवावी लागत नाही.

या व्रताचा खरा कस मात्र ‘अनर्थदंड’ या कल्पनेशी जोडून पाहिल्यावर लागतो. अनर्थदंड म्हणजे काही प्रयोजन नसताना घडणारी हिंसा किंवा पीडा. प्रयोजन असताना घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे जैन आचार्य मान्य करतात. नांगर चालवणाऱ्याच्या हातून जीव मरतातच. पण ज्यातून कोणाचेच काही साधत नाही, ते तरी थांबवता येते. समंतभद्रांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांपैकी दोन येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. मन कलुषित करणाऱ्या कथा ऐकणे ही ‘दुःश्रुति’, आणि निष्कारण माती उकरणे, पाणी सांडणे, विस्तव पेटवणे, पाने तोडणे, त्याचप्रमाणे निष्कारण हिंडणे व दुसऱ्याला हिंडवणे ही ‘प्रमादचर्या’, म्हणजे बेसावधपणाची वर्तणूक. हिंडणे आणि हिंडवणे ही जोडी एकत्र ठेवण्यात मोठा अर्थ आहे. बोटाने पडदा वर सरकवत एकामागून एक चित्रफीत पाहत राहणे हे हिंडणे झाले, आणि वाचल्याशिवाय, खऱ्याखोट्याची शहानिशा केल्याशिवाय, आलेला संदेश दहा गटांत पुढे ढकलणे हे हिंडवणे झाले. दुसऱ्या कृतीत दहा गटांतील शेकडो माणसांचा डेटा आणि वेळ खर्च होतो, आणि ज्याने ढकलले त्याला त्याची जाणीवही नसते.

डेटाच्या वापराचे तांत्रिक स्वरूप पाहिले, तर त्यातील मोठा भाग याच अर्थाने अनर्थ असतो, असे आढळते. फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराचा जो तक्ता असतो, त्यात कोणत्या अॅपने महिन्याभरात किती डेटा घेतला, हे आकड्यांत दिसते, आणि बहुतेक फोनांत त्यातही समोर उघडे असताना घेतलेला डेटा व बॅकग्राउंडला, म्हणजे अॅप बंद दिसत असताना पडद्याआड, घेतलेला डेटा वेगळा दाखवलेला असतो. पडद्याआडचा हा वापर वापरणाऱ्याने मागितलेला नसतो. अॅप आपल्या सर्व्हरशी बोलत राहते, जाहिराती आणि चित्रे आगाऊ उतरवून ठेवते, छायाचित्रांच्या प्रती परस्पर दूर पाठवते. व्हॉट्सअॅपमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड चालू असेल, तर गटातील प्रत्येक ‘शुभ सकाळ’ आणि प्रत्येक चित्रफीत पाहण्यापूर्वीच फोनमध्ये येऊन पडते. व्हिडिओच्या अॅपमध्ये ऑटोप्ले चालू असेल, तर एक चित्रफीत संपताच दुसरी, कोणी न निवडता, सुरू होते. व्हिडिओची प्रत ही तर सर्वांत मोठी बाब आहे: साध्या, ४८०च्या प्रतीत तासाला साधारण अर्धा जीबी लागतो, तर पूर्ण एचडी प्रतीत तोच तास दीड ते तीन जीबी घेऊ शकतो, आणि हाताएवढ्या पडद्यावर दोहोंतला फरक कीर्तन किंवा व्याख्यान ऐकणाऱ्याला जाणवतही नाही. म्हणून बॅकग्राउंड डेटा एकेका अॅपपुरता बंद करणे, डेटा सेव्हर किंवा आयफोनवरील लो डेटा मोड चालू करणे, ऑटो-डाउनलोड आणि ऑटोप्ले बंद करणे, अॅपचे अपडेट वाय-फायवरच होऊ देणे, नेहमीच्या वाटांचा नकाशा वाय-फायवर असताना आधीच उतरवून ठेवणे, आणि महिन्याच्या वापराला इशारा व मर्यादा लावून ठेवणे, ही सारी कामे केवळ पैसे वाचवण्याची युक्ती म्हणून सांगितली जातात, तेव्हा त्यांचे मोल अर्धेच सांगितले जाते. ज्या वापरात वापरणाऱ्याची इच्छाच नाही, तो वापर ओळखून थांबवणे, ही प्रमादातून बाहेर येण्याची पहिली पायरी आहे, आणि ती चढायला कोणताही त्याग करावा लागत नाही.

अहिंसेच्या अंगानेही हा विषय निर्जीव नाही. वीज ही सचित्त, म्हणजे सजीव, अग्निकायात मोडते की नाही, हा वाद जैन साधुसंघांत विसाव्या शतकात ध्वनिवर्धक आणि विजेचे दिवे यांच्या निमित्ताने बराच रंगला होता. त्या वादाचा निकाल काहीही मानला, तरी प्रत्येक चित्रफितीमागे मनोरा, सर्व्हर आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रे चालतात, त्यासाठी कोठेतरी कोळसा जळतो आणि पाणी खर्च होते, हे आता वादातीत आहे. फोन हातात हलका लागतो, म्हणून त्याचा वापर भारशून्य ठरत नाही.

एवढे सांगून झाल्यावर एक इशारा देणे आवश्यक आहे. डेटा कमी वापरणे हे स्वतःच पुण्य आहे, असा अर्थ यातून काढला, तर तो चुकीचा होईल. तासगाव भागातील द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पावसाचा अंदाज वेळेवर कळला नाही, तर डाऊनी मिल्ड्यू या रोगाने बाग हातची जाते. औषध कोणते आणि कधी फवारावे, याची देवाणघेवाण तो फोनवरच्या गटात करतो, आणि सांगलीच्या बाजारात हळदीचा व बेदाण्याचा भाव काय निघाला, हेही त्याला घरबसल्या कळते. त्याचा हा डेटा सप्रयोजन आहे, आणि अनर्थदंडाची कल्पना त्याला हात लावत नाही. उलट, गरजेपेक्षा भोगसामग्री जास्त बाळगून ठेवणे हा ‘तत्त्वार्थसूत्रा’ने अनर्थदंडविरतीचा अतिचार, म्हणजे व्रत न मोडता त्याला लागणारा डाग, मानला आहे; ज्याला रोज अर्धा जीबी पुरतो, त्याने दोन जीबीचा रिचार्ज घेऊन मग तो संपवण्याची चिंता वाहणे, हे त्या अतिचाराचे आजच्या काळातील सरळ उदाहरण आहे. किती वापरले, यापेक्षा कशासाठी वापरले, हा प्रश्न आधीचा आहे, आणि आकडा हे त्या प्रश्नापर्यंत पोचण्याचे साधन आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातील गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांच्या परंपरेत नामाची मोजणी माळेवर होते, ती नाम वाढावे म्हणून. फोनमधील तक्ता त्याच्या उलट, जे वाढू नये ते दिसावे म्हणून, वाचायचा असतो. दोन्हींत लक्ष जागे ठेवण्याचे काम मोजणी करते.

व्यक्तीने घेतलेल्या नियमाकडून समाजाने घेतलेल्या नियमाकडे वळले की सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव हे गाव समोर येते. सुमारे तीन हजार वस्तीच्या, शेतकरी आणि साखर कारखान्यातील कामगारांच्या या गावात, करोनाकाळातील ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातचा फोन सुटेना, आणि मोठ्यांचेही संध्याकाळचे बोलणे दूरचित्रवाणी व मोबाइल यांत हरवले, असे लक्षात आल्यावर, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने १४ ऑगस्ट २०२२ रोजी झालेल्या ग्रामसभेत एक निर्णय घेण्यात आला. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरील भोंगा वाजू लागला; तो वाजला की घरोघरी मोबाइल आणि टीव्ही बंद करायचे, मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे, आणि साडेआठला दुसरा भोंगा वाजला की मग पुन्हा चालू करावे, अशी रीत पडली. ही बातमी पुढे देशाबाहेरही पोचली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही गावांचा हेतू एकच असला, तरी त्यांच्या मार्गांत मूलभूत अंतर आहे: बान्सीचा ठराव मुलांसाठी आहे आणि त्याला काळाची मर्यादा नाही, वडगावचा नियम सर्वांसाठी आहे आणि तो दीड तासाचा आहे. समंतभद्रांच्या परिभाषेत बोलायचे, तर वडगावने नियम घेतला.

हा दीड तास समजून घेण्यासाठी जैन आचारातील आणखी एक व्रत उपयोगी पडते, ते म्हणजे देशव्रत. जन्मभर अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही, असे ठरवणे हे दिग्व्रत. त्या मोठ्या मर्यादेच्या आत, थोड्या काळासाठी, घर, गल्ली, गाव, शेत किंवा नदी यांपैकी एखादी जवळची सीमा धरून तिच्या आतच राहणे, हे देशव्रत. सीमेबाहेरच्या जगाशी त्या काळापुरता संबंध उरत नाही, म्हणून तेवढ्या वेळेत गृहस्थही महाव्रती साधूसारखा होतो, असे आचार्य म्हणतात. शरीर सीमेच्या आत ठेवूनही हे व्रत कसे डागाळते, हे सांगताना ‘तत्त्वार्थसूत्रा’त पाच अतिचार दिले आहेत: बाहेरची वस्तू आत मागवून घेणे म्हणजे आनयन, दुसऱ्याला बाहेर पाठवून काम करून घेणे म्हणजे प्रेष्यप्रयोग, आवाज देऊन बाहेरच्याला सूचना करणे म्हणजे शब्दानुपात, आपले रूप दाखवून त्याचे लक्ष वेधणे म्हणजे रूपानुपात, आणि काहीतरी फेकून खूण करणे म्हणजे पुद्गलक्षेप. ज्या काळात सीमेपलीकडे फार तर हाक पोचत असे, त्या काळात रचलेली ही यादी आज वाचताना, फोनवरून वस्तू मागवणे, पैसे पाठवून काम उरकणे, बोलणे, व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवणे आणि संदेश किंवा चित्र टाकणे, हे सर्व तिच्यात अगोदरच नोंदले गेल्याचे दिसते. सूत्रकारांना यंत्र ठाऊक नव्हते. मन ठाऊक होते. घरात बसलेला मनुष्य घरात असतोच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते, आणि वडगावचा भोंगा ज्या दुखण्यावर वाजतो, ते हेच आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. व्रत हे स्वेच्छेने घ्यायचे असते. भोंग्याच्या आवाजावर बंद केलेला फोन हे व्रत कसे, ती तर शिस्त झाली. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो व्रताला जितके एकाकी समजतो, तितके ते परंपरेत कधीच नव्हते. श्रावक व्रत घेतो ते गुरूच्या किंवा संघाच्या समक्ष, आणि पर्युषणात अख्खी गल्ली उपास करते, तेव्हा ज्याचा निर्धार कच्चा आहे, त्याचाही उपास निभावून जातो. डेटाच्या बाबतीत तर एकट्याचा निर्धार विशेषच दुबळा ठरतो, कारण समोरची बाजू एकटी नसते. कधीच न संपणारे स्क्रोल, आपोआप लागणारी पुढची चित्रफीत, मुद्दाम लाल रंगात उमटणारा आकडा, ही सारी रचना हजारो कुशल माणसांनी वापरणाऱ्याचे लक्ष सुटू नये म्हणून केलेली आहे. अशा रचनेपुढे प्रत्येक घराला एकेकटे उभे करून, तुझ्यात संयम नाही, असे म्हणणे हा अन्याय आहे. सगळ्या गावाचे फोन एकाच वेळी बंद असतात, तेव्हा गटात आपल्यावाचून काही घडत असेल, ही धास्तीच नाहीशी होते. हे एकट्याच्या नियमाने साधत नाही. सभेत चर्चा होऊन, बहुतेकांच्या संमतीने ठरलेली वेळ ही राजाज्ञा नव्हे, तसेच ते वैयक्तिक व्रतही नव्हे. दोहोंच्या मधली, संघाने धरलेली अशी ती मर्यादा आहे, आणि तिच्या आत व्यक्तीला आपले व्रत घडवण्याची जागा मिळते.

ती जागा कोण कसा भरतो, हे मात्र गाव ठरवू शकत नाही. भोगोपभोगपरिमाणाचे समंतभद्रांनी सांगितलेले अतिचार पाहिले, तर त्यांतले बहुतेक मनाचे आहेत: विषयांविषयीची ओढ कमी न होणे, पूर्वी भोगलेल्या सुखाची पुन्हा पुन्हा आठवण काढणे, वर्तमानात अति लोलुप असणे, पुढे मिळणाऱ्या भोगाची तहान लागणे, आणि भोगताना त्यात बुडून जाणे. सात ते साडेआठ या वेळेत ज्याचे डोळे घड्याळाकडे लागलेले असतात, त्याचा डेटा शून्य असला, तरी चौथा अतिचार त्याला लागलेला असतो. आणि साडेआठनंतर जो दीड तासाची भरपाई करू पाहतो, त्याला पाचवा. फोनमधील तक्ता हे दोन्ही अतिचार दाखवू शकत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत अपरिग्रह हा पाचवा यम (येथे यम म्हणजे नैतिक निर्बंध) आणि प्रत्याहार, म्हणजे इंद्रियांना त्यांच्या विषयांपासून मागे घेणे, हे पाचवे अंग, अशी दोन्ही वेगवेगळी सांगितली आहेत, ती याच कारणाने. वस्तू न घेणे आणि वस्तूकडे मन न जाणे, यांपैकी पहिली गोष्ट झाली म्हणजे दुसरी झालीच, असे होत नाही.

साताऱ्यातील वाई येथे या दोन गोष्टींना एकत्र आणू पाहणारा एक प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन तरुण विनोबा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्त शिकायला आले, आणि त्या काळात आपण कोणती व्रते कशी पाळली, जवळ मोजक्या कोणत्या वस्तू ठेवल्या, आहारातून काय वगळले, याचा हिशेब त्यांनी गांधीजींना पत्राने कळवला. त्या पत्रात लक्ष वेधून घेते ती ही गोष्ट की, त्यागाच्या हिशेबाबरोबरच वर्षभरात काय शिकलो, कोणते ग्रंथ वाचले, कोणाला शिकवले, किती हिंडलो, याचाही हिशेब त्यात आहे. मोकळी झालेली वेळ आणि मोकळे झालेले मन कशाने भरले, हे सांगितल्याशिवाय त्यागाचा हिशेब पुरा होत नाही, अशी त्यांची धारणा असावी. वडगावच्या ग्रामसभेने दीड तास रिकामा न ठेवता त्यात अभ्यास, वाचन आणि बोलणे ठेवले, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलार गावात २०१७ पासून घराघरांतून पुस्तके मांडलेली आहेत. फोन बंद केल्यानंतर हात कोठे जावा, याची सोय आधी करून ठेवण्याचा तोही एक मार्ग आहे.

सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा आहे. जैन मतानुसार संयम धारण करण्याची पात्रता मनुष्याला वयाच्या आठ वर्षांनंतर येऊ शकते. त्यापूर्वीच्या बालकावर आईवडिलांनी घातलेली मर्यादा हे त्या बालकाचे व्रत नव्हे, ती आईवडिलांची जबाबदारी आहे. फोनमध्ये मुलांसाठी वेळेची आणि अॅपची मर्यादा दुरून लावता येते, त्या सोयीचा उपयोग लहान वयात योग्यच आहे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलावर ती केवळ कुलूप म्हणून लावली, तर मूल किल्ली शोधायला शिकते, नियम घ्यायला शिकत नाही. त्याला महिन्याचा तक्ता दाखवून, यातला किती डेटा तू मागितला होतास आणि किती तुझ्या नकळत गेला, असे विचारता येते. पुढच्या पंधरवड्याचा आकडा त्याचा त्यालाच ठरवू देता येतो. आणि त्या तक्त्याशेजारी आईच्या व वडिलांच्या फोनमधला आकडाही त्याच्यासमोर ठेवता येतो. मोहित्यांच्या वडगावात नियम केवळ मुलांसाठी नव्हे, मोठ्यांसाठीही केला गेला, आणि सात वाजता मुलाबरोबर त्याच्या बापाचाही फोन बंद होतो.